रुमाल टाकून जागा धरता येत नाही, तेव्हा

पत्र थोडक्यात असं:

लिहिणारी सोलापूरची, वय २४. पुण्यात सदाशिव पेठेत राहून तिने तीन वर्षं अभ्यासिकेत काढली. महिन्याचे पैसे भरले की भिंतीकडे तोंड केलेली ठरलेली खुर्ची, डोक्यावर आपला दिवा, खणात आपली पुस्तकं. सप्टेंबरपासून ती लंडनमध्ये फायनान्सचं एक वर्षाचं मास्टर्स करते आहे, शैक्षणिक कर्ज काढून. ईस्ट हॅममधल्या एका घरात सात जण राहतात. तिची खोली दोघींत, खोलीत टेबल एक आणि त्या टेबलावर मिक्सर. हीटिंग घरमालकाच्या मर्जीने चालतं. आठवड्यातले तीन दिवस ती दुकानात काम करते. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ती कॉफी शॉपमध्ये बसते. चार पौंडांची कॉफी पोटात जाण्याआधी तिचे रुपये होतात, आणि टेबल पुसणारा मुलगा दुसऱ्यांदा आला की ती उठते. आई फोन करते तेव्हा 'लायब्ररीत आहे' म्हणते आणि उभी असते बसस्टॉपवर.

"ताई, बाबासाहेब इथे अठरा-अठरा तास वाचायचे असं लहानपणापासून ऐकलंय. मला दोन तास धड बसता येत नाही. माझ्या वर्गातल्या सगळ्यांना आपापली जागा सापडली आहे, मलाच नाही. एकदा चांगली जागा मिळाली की माझा अभ्यास सुरू होईल. लंडनमध्ये अशी जागा कुठली, तेवढं एक सांगा. जानेवारीत परीक्षा आहे."

---

तुझ्या पत्रातलं ते मिक्सर ठेवलेलं टेबल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सात माणसांच्या घरात एक टेबल आणि त्यावर मिक्सर, म्हणजे चटणी सगळ्यांची आणि अभ्यास कुणाचाच नाही. तेव्हा घरात अभ्यास होत नाही याबद्दल स्वतःला बोल लावणं आधी थांबव. तिथे माझाही झाला नसता. १९ वर्षांपूर्वी मी इथे शिकायला आले तेव्हा माझ्या खोलीत टेबलही नव्हतं. इस्त्रीचा स्टँड होता आणि त्यावर मी एक अख्खा निबंध लिहिला. उंची कमीजास्त करता येते, एवढं त्याच्या बाजूने बोलता येईल.

आता 'सगळ्यांना जागा सापडली आहे' या वाक्याकडे येऊ. तू लायब्ररीत अकराला जातेस, सगळ्या खुर्च्या भरलेल्या बघतेस आणि परत फिरतेस. पुढच्या वेळी पाच मिनिटं तिथेच उभी राहा आणि नीट बघ. किती खुर्च्यांवर माणसं आहेत आणि किती खुर्च्यांवर नुसती जाकिटं? सोलापूरच्या एसटी स्टँडवर गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकणारी माणसं तू पाहिली आहेस ना? हीच ती. रुमालाच्या जागी लोकरीचं जाकीट आलं आणि एक लॅपटॉपचा चार्जर आला, इतकाच फरक. जाकिटाचा मालक खाली तासभर जेवतो आहे. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचे यावर नियम आहेत. ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त वेळ रिकामी ठेवलेली जागा दुसऱ्याला घेता येते, किंवा काउंटरवरचा माणूस येऊन सामान हलवतो. तुझ्याकडचा नियम काय आहे ते काउंटरवर विचार. भांडायला सांगत नाहीये. विचारलंस की तोच माणूस तुला सांगेल की तळघरात नियतकालिकांच्या कपाटांमागे आठ टेबलं आहेत आणि तिकडे कुणी फिरकत नाही. प्रत्येक मोठ्या लायब्ररीत अशी आठ टेबलं असतात आणि ती ॲपवर दिसत नाहीत.

हेही लक्षात घे की संध्याकाळी सहा-साडेसहानंतर गर्दी ओसरते. दुपारी दोनला जी लायब्ररी सीएसटीसारखी वाटते तीच रात्री आठला निवांत असते. तुझं कॉलेज युनिव्हर्सिटी ऑफ लंडनच्या छत्राखालचं असेल तर सेनेट हाउस लायब्ररीही तुझी आहे. रसेल स्क्वेअरजवळची ती पांढरी, उंच, १९३० च्या दशकातली इमारत. चार्ल्स होल्डनने बांधलेली. आत लाकडी टेबलं आणि जुन्या कागदाचा वास. नसेल तर 'स्कोनल ॲक्सेस' नावाची सोय आहे, दुसऱ्या युनिव्हर्सिट्यांच्या लायब्ररीत जाण्यासाठी. अर्ज ऑनलाइन. तुझ्या अभ्यासक्रमाच्या प्रकारावर अवलंबून कुठे नुसतं बसून वाचता येतं, कुठे पुस्तकंही घेता येतात. परीक्षेच्या दिवसांत पुष्कळ ठिकाणी बाहेरच्यांना दार बंद असतं, म्हणून अर्ज आत्ताच कर, जानेवारीची वाट बघू नकोस.

पण खरं सांगू का, तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर मला वाटलं की तू विचारते आहेस एक आणि तुला हवं आहे दुसरं.

अभ्यासिकेबद्दल तू अर्धं पान लिहिलं आहेस. खुर्ची, दिवा, खण. पण मध्येच एक वाक्य आहे, बहुतेक तुझ्या नकळत आलेलं: "चार वाजता सगळे चहाला खाली उतरायचो आणि एखादा दिवस गेले नाही तर काका विचारायचे, काय गं, बरी आहेस ना?" अगं, ती खुर्ची प्लास्टिकची होती आणि पंखा आवाज करायचा हेही तूच लिहिलं आहेस. मग तीन वर्षं तुला तिथे कशाने बसवलं? महिन्याचे पैसे भरलेत म्हणून थोडंसं. पण तू आली आहेस की नाही हे कुणाच्या तरी लक्षात येत होतं म्हणून जास्त. लंडनमध्ये तू कुठेही बसलीस, उठलीस, दिवसभर आलीच नाहीस, तरी कुणाच्या खिजगणतीत नाही. अशा शहरात उत्तम खुर्ची मिळाली तरी माणूस अर्ध्या तासात उठतो आणि दोष खुर्चीला देतो.

माझी एक गोष्ट सांगते. तेव्हा मी व्हाइटचॅपलच्या जवळ राहायचे. स्टेशनाबाहेर, भाजीबाजाराच्या मागे एक निळ्या-हिरव्या काचांची नवीकोरी इमारत होती आणि वर पाटी 'आयडिया स्टोअर'. पहिले तीन महिने मला ते मोबाईलचं दुकान वाटत होतं. आपल्याकडे तेव्हा आयडियाचीच सिमकार्डं होती ना! एकदा पावसात शिरले तेव्हा कळलं की ही टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची लायब्ररी आहे, २००५ साली उघडलेली. वर खिडकीशी टेबलं. मी रोज साडेनऊला जाऊन एकाच टेबलावर बसायला लागले. समोर एक म्हातारे बंगाली गृहस्थ यायचे, सिल्हेटचे. बंगाली पेपर उघडायचे, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचे, बाराला निघून जायचे. दोन महिने आम्ही एक शब्द बोललो नाही. मग मला ताप आला, चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी गेले तर त्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "शरीर भालो?" एवढंच. आणि परत पेपर वर. त्या वर्षी मी एकही सकाळ चुकवली नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला जागेचा नाही, वेळेचा आहे. आठवड्यातले दोन दिवस ठरव, एक वेळ ठरव, एक टेबल ठरव आणि काही झालं तरी तिथेच जा. टेबल दुसऱ्याने घेतलं असेल तर शेजारच्यावर. महिनाभरात सुरक्षारक्षक ओळखीचं हसेल. वर्गातल्या एखाद्या मुलीला बरोबर घे, जिचा विषय वेगळा असला तरी चालेल. दोघींनी शेजारी बसायचं नाही, एकाच मजल्यावर बसायचं आणि दीड तासाने डबा खायला भेटायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे तू अजून 'बैठक' शोधते आहेस. सकाळी आठ ते रात्री नऊ, पुण्यासारखी. ती तुला इथे मिळणार नाही, कारण तुझा दिवसच तसा नाही. सेमिस्टर चालू असताना व्हिसावर आठवड्याला २० तास काम करता येतं, ते तू करतेस. त्यात लेक्चर, प्रवास, स्वयंपाक. उरतात ते वेळेचे तुकडे: ट्रेनमधला अर्धा-पाऊण तास, लेक्चर आणि शिफ्टच्या मधले दोन तास, आणि एक अख्खा रविवार. एकच जागा या तिन्ही तुकड्यांना कशी पुरेल? चहाच्या गाळणीने कुणी पीठ चाळत नाही. शिवाय इथलं मास्टर्स पाठांतराचं नाही. शोधनिबंध वाचणं वेगळं, मॉडेल सोडवणं वेगळं, निबंध लिहिणं वेगळं. वाचन सोफ्यावर होतं. एक्सेल मांडीवर होत नाही.

आणि इथे तुझं नशीब जोरावर आहे, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ईस्ट हॅमहून ट्यूबची, म्हणजे भुयारी रेल्वेची गुलाबी लाइन पकड, हॅमरस्मिथ अँड सिटी. गाडी न बदलता ती तुला व्हाइटचॅपल, बार्बिकन, किंग्ज क्रॉस आणि युस्टन स्क्वेअरला नेते. लंडनमध्ये दुप्पट भाडं देऊन राहणाऱ्यांनाही एका गाडीवर इतकं सगळं मिळत नाही. व्हाइटचॅपलचं सांगून झालं. बाकीच्यांकडे येते.

बार्बिकन म्हणजे तपकिरी काँक्रीटचा भुलभुलैया, १९८२ साली उघडलेलं कलाकेंद्र. पहिल्यांदा जाशील तेव्हा रस्ता चुकशील. सगळेच चुकतात, आम्ही अजून चुकतो. आत नाट्यगृहाच्या बाहेर लांबरुंद फोये, म्हणजे थांबायचं मोकळं दालन आहे, मजल्यामजल्यांवर पसरलेला. टेबलं आहेत, वायफाय आहे, ऊब आहे, आणि काही विकत घेतलं का हे विचारायला कुणी येत नाही. प्लगची मात्र मारामारी, म्हणून लॅपटॉप भरून जा. संध्याकाळी नाटकाची गर्दी यायला लागली की गलका होतो, तेव्हा उठायचं. दुसऱ्या पातळीवर सिटी ऑफ लंडनची सार्वजनिक लायब्ररी आहे, तिथे शांतता जास्त. दोन तासांच्या तुकड्याला बार्बिकनसारखी जागा नाही, असं माझं मत. माझ्या नवऱ्याचं मत साउथ बँकचा रॉयल फेस्टिव्हल हॉल. त्याचाही फोये असाच खुला, नदीकाठी, आणि पाचव्या पातळीवर फक्त कवितेची लायब्ररी. पण त्याला तिथलं नदीचं दृश्य आवडतं, अभ्यास त्याने तिथे कधी केलेला नाही. आणि तुझ्या लाइनवर ते नाही.

युस्टन स्क्वेअरला उतरलीस की युस्टन रोडवर वेलकम कलेक्शन. औषधांच्या व्यापारात गब्बर झालेल्या हेन्री वेलकमच्या पैशांतून उभं राहिलेलं आरोग्याच्या इतिहासाचं संग्रहालय, प्रवेश फुकट. तिथली रीडिंग रूम निम्मी लायब्ररी, निम्मं प्रदर्शन. गाद्या, सोफे, आजूबाजूला जुनी वैद्यकीय हत्यारं. वाचनाला छान. सोमवारी संग्रहालय बंद असतं, त्या दिवशी हेलपाटा मारू नकोस.

आणि किंग्ज क्रॉसला ब्रिटिश लायब्ररी. हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुष्कळ मुलं बाहेरच्या बाहेर जाऊन परत येतात आणि 'बघितली' म्हणतात. आत शिरलीस की मधोमध काचेचा सहा मजली मनोरा, त्यात राजा तिसऱ्या जॉर्जची पुस्तकं. त्याच्या भोवती, जिन्यांच्या कडेला, मजल्यांवर जी टेबलं आहेत ती सगळ्यांसाठी खुली. बॅग तपासली की झालं. पण दहा-साडेदहाला ती भरतात. मग लोक जिन्याच्या कठड्याला टेकून बसतात आणि फोटो काढून निघून जातात.

खरी लायब्ररी दारांच्या पलीकडे, रीडिंग रूम्समध्ये आहे. त्यासाठी रीडर पास लागतो. पास फुकट. ओळख आणि पत्त्याचे पुरावे लागतात, कुठले चालतात ती यादी त्यांच्या संकेतस्थळावर आधी वाच. घराची बिलं घरमालकाच्या नावावर असणार, त्यामुळे इथेच बहुतेक मुलं अडकतात. बँकेत पत्ता बदलला नसशील तर आज बदल. पास मिळाला की कोट आणि बॅग खाली लॉकरमध्ये, आणि लॅपटॉप, वही पारदर्शक पिशवीत घालून वर जायचं. पाण्याची बाटली नाही, च्युइंगगम नाही, पेन नाही. फक्त पेन्सिल. पहिल्या दिवशी हे जाचक वाटतं. दुसऱ्या दिवशी कळतं की एकदा एवढं सोडून आत गेल्यावर उगीच बाहेर यायचा कंटाळा येतो. अभ्यासाला आणखी काय लागतं? हिरव्या चामड्याचं टेबल, आपला दिवा, आणि टेबलाला नंबर. अगं, अभ्यासिकाच आहे ती, फक्त छत उंच. फायनान्सवालीसाठी तिथल्या बिझनेस अँड आयपी सेंटरमध्ये बाजारपेठेच्या माहितीचे महागडे डेटाबेस फुकट बघायला मिळतात, प्रबंधाच्या वेळी आठवण ठेव. रविवारी रीडिंग रूम बंद असतात, मोकळी टेबलं चालू. तुझा रविवार म्हणून व्हाइटचॅपलला किंवा युनिव्हर्सिटीत घाल.

पत्रात आणखी एक वाक्य आहे ज्यावर मी अडखळले. "बार्बिकनला एकदा गेले होते, पण काही न घेता बसायची लाज वाटली. आपण इथे टॅक्सही भरत नाही." हे शिक्षण आपल्याला वॉचमनने दिलं आहे. आपल्याकडे कुठल्याही बऱ्या इमारतीत शिरलं की खुर्चीवरचा माणूस अर्धवट उठून विचारतो, "काय काम आहे?" काम नसेल तर आपण तिथे नसावं, हे लहानपणीच अंगात मुरतं. मुलींच्या जरा जास्तच. इथेही तू दारात तोच प्रश्न ऐकतेस, कुणी विचारलेला नसताना. तेव्हा हे माहीत असू दे. १९६४ च्या सार्वजनिक लायब्ररी कायद्यानुसार कौन्सिलला आपल्या हद्दीत राहणाऱ्या, काम करणाऱ्या आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या माणसांसाठी लायब्ररी चालवावी लागते. शिकणाऱ्या, असं कायद्यात आहे. म्हणजे तू राहतेस ती न्यूहॅम कौन्सिल आणि तुझं कॉलेज ज्या हद्दीत आहे ती कौन्सिल, दोन्हीकडे तुझा हक्क आहे. मेंबरशिप फुकट, कार्ड मिळतं. ईस्ट हॅमला टाउन हॉलशेजारीच लायब्ररी आहे, घरापासून चालत. शाळा सुटल्यावर तिथे पोरांचा दंगा असतो, सकाळी नसतो. वेळापत्रक मात्र बघून जा. कौन्सिलच्या लायब्रऱ्या काही वारी लवकर बंद होतात आणि हे तुम्हाला दारात उभं राहिल्यावरच कळतं.

कॉफी शॉपचं काय? तिथे मात्र तुझी लाज थोडी बरोबर आहे. सहा टेबलांच्या छोट्या कॅफेत एका कॉफीवर तीन तास बसणं म्हणजे त्या माणसाच्या भाड्यात हात घालणं. तासाभराने उठ, नाहीतर काहीतरी आणखी घे. मोठ्या साखळीच्या दुमजली दुकानात वरच्या मजल्यावर बस, तिथे कुणाला फरक पडत नाही. आणि एक चोरटी टीप देते, आईला सांगू नकोस. वेदरस्पूनच्या पबमध्ये सकाळी कॉफीचा कप एकदा घेतला की तो परत परत भरून घेता येतो, आणि दर कॉफी शॉपपेक्षा बराच कमी. सकाळी दहाला तिथे पेपर वाचणारे पेन्शनर आणि आपली पोरं असतात. माझ्या ओळखीतल्या एकाने सगळा प्रबंध तिथे लिहिला. घरी फोनवर तोही 'लायब्ररी' असंच सांगायचा.

आता बाबासाहेब. १४ एप्रिलला आपल्याकडे सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात, तुझ्या कॉलेजातही झाला असेल. त्यामागचा आदर मलाही आहे. पण त्या अठरा तासांची काठी करून तू स्वतःच्याच पाठीत मारते आहेस, ते मला पटत नाही. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली परत जावं लागलं, १९२० साली पुन्हा आले, आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी. एस्सी. मिळाली. तुझ्याच विषयाचे आहेत ते, हे लक्षात आलं का? राहण्याची, खाण्याची आबाळ होती. म्हणून तर ते खोलीत वाचत बसले नाहीत. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जायचे, इंडिया ऑफिसच्या लायब्ररीत जायचे. म्हणजे घरात अभ्यास होत नाही म्हणून बाहेर पडणं ही कमजोरी नसून तीच या शहरातली जुनी रीत आहे. इंडिया ऑफिसचा तो संग्रह आता ब्रिटिश लायब्ररीतच आहे. तुझा रीडर पास झाला की तो तुलाही मागवून बघता येतो. आणि एखाद्या मोकळ्या दुपारी १०, किंग हेन्रीज रोडला जाऊन ये. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहायचे, २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. साधं घर आहे. अभ्यासाला नाही, नुसतं बघायला जा.

घराचं थोडक्यात. रूममेटशी बोल. 'रात्री आठ ते दहा मी टेबलावर, मिक्सर खाली' एवढा एक करार कर, बदल्यात तिला जे हवं ते दे. हीटिंगबद्दल घरमालक ऐकत नसेल तर स्टुडंट्स युनियनमध्ये सल्ला देणारी माणसं असतात, त्यांच्याकडे भाडेकरार घेऊन जा. तुझ्या युनिव्हर्सिटीची लायब्ररी चोवीस तास उघडी असली तरी रात्र काढायच्या आधी परतीचा विचार कर. शुक्रवार-शनिवारच्या रात्री काही ट्यूब लाइन चालतात, त्यांत तुझी गुलाबी नाही आणि डिस्ट्रिक्ट लाइनही नाही. रात्रीच्या बसने ईस्ट हॅम गाठणं दर दिवसाआड जमण्यासारखं नाही. भाड्याचंही बघ. १८ प्लस स्टुडंट ऑइस्टर कार्ड, म्हणजे विद्यार्थ्यांचं ट्यूब-बसचं कार्ड काढलंस तर ट्रॅव्हलकार्डवर ३० टक्के सूट आहे. आणि घाई नसेल तेव्हा बसने जा. एका तासात कितीही बसगाड्या बदल, भाडं एकदाच कापलं जातं.

हे लंडनचं झालं, पण तुझ्यासारखीच पत्रं दुसरीकडूनही येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. शहर कुठलंही असो, आधी तिथली मोठी सार्वजनिक लायब्ररी गाठा, कॅफे नंतर. मेलबर्नला स्टेट लायब्ररीची १९१३ ची घुमटाखालची वाचनशाळा कुणालाही खुली आहे. टोरांटोला यंग स्ट्रीटवर रेफरन्स लायब्ररी आहे, पाच मजल्यांची. जर्मनीत रविवारी सगळं कुलूपबंद असतं, तेव्हा बर्लिनकरांनी अमेरिका-गेडेंकबिब्लिओटेक ही सार्वजनिक लायब्ररी लक्षात ठेवावी, पण रविवारी उघडी आहे का ते आधी बघावं. आणि पहिल्याच आठवड्यात पत्त्याचा पुरावा तयार करावा. अभ्यासाची जागा न मिळण्याचं निम्मं कारण कागदपत्रं असतात.

तुझ्याकडे परत येते. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो आणि तो अंधार पहिल्या वर्षी फार लागतो. सकाळच्या उजेडातला तुकडा अभ्यासाला दे आणि शिफ्ट शक्य असेल तर संध्याकाळची मागून घे. २५ डिसेंबरला इथे ट्यूब बंद, बस बंद, लायब्रऱ्या आदल्या-नंतरच्या दिवशीही बंद असतात. जानेवारीच्या परीक्षेचा हिशोब करताना ते तीन-चार दिवस घरातले धर, आणि मिक्सरचा करार त्याच्या आत करून टाक. आईला फोनवर खरं सांगितलंस तरी चालेल. बसस्टॉपवर आहेस म्हटलं तर ती फार तर स्वेटर घातलास का विचारेल.

या शनिवारी ब्रिटिश लायब्ररीचा पास काढून ये. सोमवारी साडेनऊला दार उघडतं, त्याआधी रांगेत उभी राहा. पेन्सिल एकच ने. टोक मोडलं की शेजारच्याकडे शार्पनर मागावा लागेल.